१६९२ चं ग्लॉस्टर, मक्याचं शेत आणि न दिसणारा शत्रू : हॉरर वॉरगेम टेबलावर कसा उभा करायचा

प्रश्न असा आहे की तुमचा चारपाच जणांचा ग्रुप आहे, २८ मिलिमीटरच्या फिगर्स, म्हणजे टेबलावरच्या लढाईच्या खेळातले छोटे पुतळे, रंगवता, नेपोलियन झाला, दुसरं महायुद्ध झालं, आता दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतींच्या जंगलात घडणारा हॉरर गेम करायचाय, आणि त्यात वेअरवुल्फ (लांडगामाणूस) घालावेत की वेंडिगो (तिकडच्या गोष्टींतला माणसं खाणारा राक्षस), रूल्स कुठले घ्यावेत, टेबल कसं करावं. पहिल्याचं उत्तर सरळ देतो, दोन्ही घालू नका. बाकीचं जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

राक्षसाची फिगर टेबलावर ठेवली की काय होतं ते बघितलंय ना? पहिली दोन मिनिटं सगळे "आईशप्पथ काय रंगवलंय" करतात आणि तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी टेप काढतो. किती इंच चालतो, किती वूंड्स आहेत, म्हणजे किती जखमा झेलतो, आठ जणांनी एकदम फायर केलं तर मरेल का. झालं, आता ती शिकार आहे, भीती गेली. वॉरगेम खेळणारा माणूस मोजता येणाऱ्या गोष्टीला घाबरतच नाही, त्याची सवयच ती आहे, त्यामुळे त्याला घाबरवायचं असेल तर त्याच्या हातातलं मोजमाप काढून घ्यायचं. समोर मक्यात काय आहे हे त्याला कळता कामा नये. आहे का नाही हेसुद्धा कळता कामा नये. मी जे काही पुढे सांगतोय ते सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे.

आणि यासाठी काल्पनिक काही रचायची गरज नाही, इतिहासात आयता प्रसंग पडलाय. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर केप ॲन नावाचं भूशिर आहे, तिथलं ग्लॉस्टर गाव. साल १६९२, उन्हाळा. म्हणजे शेजारच्या सेलममध्ये चेटकिणींचे खटले चालू आहेत तोच उन्हाळा, ब्रिजेट बिशपला १० जूनला फाशी झालेली आहे. एबेनेझर बॅबसन नावाचा एक शेतकरी रात्री उशिरा घरी येतो तर त्याला आपल्या दारातून दोन माणसं बाहेर पडून मक्यात पळताना दिसतात. घरातले म्हणतात कुणी आलंच नाही. हा बंदूक घेऊन मागे जातो, ती माणसं एका ओंडक्यामागून उठून दलदलीकडे पळतात आणि जाताना एक दुसऱ्याला म्हणतो की घरचा मालक आला, नाहीतर घर घेतलं असतं. मग सगळं कुटुंब जवळच्या गॅरिसन घरात, म्हणजे गढीसारख्या मजबूत घरात जाऊन बसतं आणि तिथेही रात्रभर भिंतीबाहेर पावलं वाजतात. पुढचे दोनतीन आठवडे हेच. कधी दोन फ्रेंच दिसतात, कधी इंडियन, म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, लोक पाठलाग करतात, गोळ्या घालतात, कुणी पडल्यासारखं वाटतं आणि जवळ गेलं की तिथे काहीच नसतं. शेवटी १८ जुलैला इप्सविचहून कॅप्टन ॲपलटनच्या हाताखाली साठेक माणसं मदतीला आली. एवढ्या सगळ्यात एक माणूस मेला नाही. गावचे पाद्री जॉन इमर्सन यांनी हे सगळं लिहून बॉस्टनच्या कॉटन मॅदर या पाद्र्याला पाठवलं, त्याने ते १७०२ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात छापलं, आणि इमर्सनसाहेबांचं म्हणणं पडलं की हे खरे फ्रेंच-इंडियन नव्हतेच, हा सैतान आणि त्याची माणसं.

त्यातला एक प्रसंग तर असा आहे की गेम त्याच्यावरच उभा राहतो. बॅबसन गुरं शोधायला रानात गेलेला असतो, खडकाच्या टोकावर तिघं जण उभे दिसतात. हा झुडपातून सरपटत जवळ जातो, नेम धरतो, चाप ओढतो, बार उडत नाही. परत ओढतो, नाही. डझनभर वेळा ओढतो. ती तिघं त्याच्याकडे चालत येतात, सावकाश, त्याच्या बाजूने पुढे जातात, एकदा फक्त बघतात, चाल वाढवत नाहीत, आणि झुडपात दिसेनासे होतात. घरी येऊन त्याने तीच बंदूक चिमूटभर दारूवर उडवून बघितली तर एकदाही फसली नाही.

आता विचार करा, कुठला राक्षस याच्या जवळपास येतो?

पण हे नुसतं भुताटकी म्हणून टेबलावर मांडलंत तर अर्धंच होईल, कारण या लोकांची भीती खोटी नव्हती. १६८८ पासून किंग विल्यम्स वॉर, म्हणजे इंग्रज विरुद्ध फ्रेंच आणि त्यांचे इंडियन दोस्त असं युद्ध, चालू होतं, १६९० मध्ये फ्रेंचांनी आणि त्यांच्या दोस्तांनी हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत स्केनेक्टडी, सॅमन फॉल्स आणि कॅस्को बेवरचं फोर्ट लॉयल अशी तीन ठिकाणं एकापाठोपाठ जाळली होती. १६९२ च्या जानेवारीत उत्तरेकडच्या मेनमधल्या यॉर्क गावावर बर्फातून येऊन घाला घातला, शंभरावर माणसं मारली गेली किंवा पकडून नेली. मेनमधून पळून आलेले निर्वासित एसेक्स काउंटीत (सेलम, ग्लॉस्टर याच काउंटीत) घरोघरी नोकर म्हणून राहत होते. सेलमच्या खटल्यात आरोप करणाऱ्या पोरींमधली मर्सी लुइस ही अशीच, कॅस्को बेकडची, आणि ज्या पाद्र्याच्या घरी ती पूर्वी कामाला होती तो जॉर्ज बरोज, त्यालाच ऑगस्टमध्ये फाशी दिली. तेव्हा तुमच्या टेबलावरच्या प्रत्येक फिगरच्या डोक्यात यॉर्क आहे. खेळाडूंना हे गेमच्या आधी तीनचार मिनिटांत सांगा, जास्त नको, पण सांगा. खरा हल्ला होऊ शकतो हे पटलं तरच खोट्या हल्ल्याची भीती वाटते.

इथेच वेंडिगोचा विषय संपवून टाकतो. एक तर ती गोष्ट उत्तरेकडच्या अल्गोंकियन लोकांची, केप ॲनच्या किनाऱ्यावर ती आणून बसवणं म्हणजे भूगोलच चुकला. दुसरं म्हणजे ज्यांच्या त्या गोष्टी आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याचं असं खेळणं केलेलं आवडत नाही, आणि इंटरनेटवर शिंगं लावून त्याचं जे करून ठेवलंय ते बघता मलाही आवडत नाही. आणि तिसरं, जे महत्त्वाचं आहे, जंगलातल्या वाबनाकी लोकांनाच, म्हणजे मेनकडच्या मूळ रहिवाशांनाच, सैतान समजणं हा त्या काळच्या इंग्रजांचा आजार होता, तो तुमच्या रूल्समध्ये उतरू देऊ नका. त्यांना लढायला कारणं होती. १६७८ च्या कॅस्को तहात ठरलं होतं की प्रत्येक वसाहतवाल्या कुटुंबाने दरवर्षी ठरावीक माप मका द्यायचा, तो दिला जात नव्हता, साको नदीत जाळी लावून मासे अडवले जात होते, इंग्रजांची गुरं त्यांच्या शेतात शिरत होती. आपल्याकडे कंपनी सरकारच्या कागदांत भिल्ल आणि रामोशांबद्दल कसली भाषा वापरलीय ते ज्याने वाचलंय त्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. पेनॉब्स्कॉट, पॅसामाक्वॉडी हे त्यांच्यातलेच लोक आजही मेनमध्ये आहेत. तर गेममध्ये वाबनाकी स्काउट, म्हणजे टेहळ्या, हा हुशार, संयमी, विनाकारण जीव न घालवणारा माणूस असला पाहिजे, आणि भूत ही वेगळी गोष्ट. खेळाडूला दोघांत फरक करता येत नाही, हा खेळाडूच्या पात्राचा दोष.

बरं, आता मांडणी.

टेबल चार फूट बाय चार फूट पुरे. मोठं घेऊ नका, मोठ्या टेबलावर लोक पळायला जागा शोधतात. मध्यापासून थोडं एका बाजूला गॅरिसन घर, वरचा मजला जरा बाहेर आलेला, भिंतींना जंग्या (गोळी घालायची भोकं), भोवती मेढेकोट. मेढेकोटाला उदबत्तीच्या काड्या चालतात पण २८ मिलिमीटरला त्या बारीक दिसतात, मी बांबूचे स्क्युअर्स तोडून, टोकं चाकूने ओबडधोबड तासून लावतो. घराशेजारी मक्याचं शेत, आणि हे शेत म्हणजे टेबलाचं काळीज आहे, तिथे कंजूषपणा नको, किमान एक फूट बाय दीड फूट. काथ्याच्या पायपोसाचे तुकडे करून शेत करायची जुनी युक्ती आहे ती गव्हासाठी ठीक, मक्याला ॲक्वेरियमची प्लास्टिकची झाडं कापून लावा. आणि ओळीत लावू नका! तिथे मका मातीच्या छोट्या उंचवट्यांवर, घेवडा आणि भोपळ्याबरोबर लावायचे, त्यामुळे शेत गबाळं दिसतं आणि आपल्याला तेच पाहिजे. बाकी टेबलावर ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे (केप ॲन त्यासाठीच प्रसिद्ध आहे), एक दलदल, हेमलॉक आणि पाइनचं रान, एका कडेला खाऱ्या पाण्याची खाडी. दिवाळीचा किल्ला केलेल्या कुठल्याही माणसाला हे जमतं, पोतं, माती, लाकडाचा भुसा रंगवून. मेलेल्या झाडांना तुळशीच्या वाळलेल्या काड्या बेस्ट, फांद्यांचा आकार त्या मापात अगदी बरोबर बसतो. हळीव पेरू नका फक्त, वास येतो आणि तिसऱ्या दिवशी मान टाकतो.

फिगर्स चाळीसच्या आसपास लागतील आणि त्यातल्या निम्म्या कदाचित टेबलावर येणारही नाहीत, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. सगळ्यात कॉमन गडबड होते ती म्हणजे तीन कोनी टोपीवाले, लाल कोटवाले १७५० च्या दशकातले शिपाई आणले जातात कारण बाजारात तेच जास्त मिळतात. १६९२ मध्ये ग्लॉस्टरला शिपाई नाहीत, गावकरी मिलिशिया आहे, रुंद काठाच्या हॅट, लांब कोट, साधे तपकिरी-करडे कपडे. इंग्रजी यादवी युद्धाच्या साध्या कपड्यातल्या फिगर्स घेऊन त्यांचे भाले काढून बंदुका दिल्या तरी भागतं. परदेशातून मेटल मागवलं तर ड्यूटी धरून डोळे पांढरे होतात, त्यापेक्षा एसटीएल (थ्रीडी प्रिंटिंगची) फाइल विकत घेऊन गावातच रेझिन प्रिंट करून घ्या, नाहीतर सरळ १/७२ या त्याहून लहान मापाच्या प्लास्टिकमध्ये करा, अंतरं सगळी तीच ठेवा. गावकऱ्यांत बायका पाहिजेतच. त्याच वर्षी जूनमध्ये मेनमधल्या वेल्स गावी स्टोररच्या गॅरिसनवर चारेकशे फ्रेंच आणि वाबनाकी चालून आले तेव्हा आत कॅप्टन कॉन्व्हर्सकडे पंधराएक सैनिक होते, बायकांनी दारूगोळा पुरवला आणि बंदुकाही चालवल्या. दोन पोरं, एक म्हातारा, एक गाय, एक पाद्री एवढं असू दे.

आणि भुतं. भुतं हिरवी, पारदर्शक, चमकणारी रंगवायची नाहीत. खऱ्या फ्रेंचांच्या आणि स्काउट्सच्या फिगर्स जशा रंगवल्या तशाच, त्याच पोझ, तेच रंग, शक्य असेल तर त्याच फिगर्स. बॅबसनने बघितलेली माणसं माणसांसारखीच होती. वॉश, ड्रायब्रश वगैरे रंगकाम सगळं नेहमीसारखं, फक्त बेस (पायाखालच्या चकत्या) एकसारखे ठेवा म्हणजे बेसवरून कुणी ओळखणार नाही, आपल्यातला एक जण तरी असतोच असं ओळखणारा.

रूल्सबद्दल फार डोकं लावू नका. पत्ता काढून कुणाची पाळी ते ठरवणारे कुठलेही स्कर्मिश, म्हणजे छोट्या चकमकींचे, रूल्स घ्या, मस्केट्स अँड टॉमहॉक्स असेल तर उत्तम, ते मुळात अठराव्या शतकासाठी आहेत पण इथे सहज बसतात. पत्ता काढण्याची पद्धत का पाहिजे, तर खेळाडूला आपली पाळी कधी येणार हे कळू नये. प्रत्येक खेळाडूकडे एक घर, म्हणजे एक कर्ता माणूस आणि चारपाच फिगर्स, प्रत्येक घराचा एक पत्ता, आणि अम्पायरचे, म्हणजे गेम चालवणाऱ्याचे, काळोखाचे तीन पत्ते. शत्रू कुणी खेळाडू खेळत नाही, तो पूर्ण अम्पायरकडे. यावर वाद होतात, एका माणसाला मजा येत नाही म्हणून, पण शत्रूपक्षाला खेळाडू बसवला की तो जिंकायला खेळतो आणि मग लपवाछपवीचा सगळा तोल जातो. मी अम्पायरवर ठाम आहे.

शत्रू टेबलावर ब्लाइंड म्हणून येतो. बारा गोल बेस, वर नुसतं झुडूप किंवा दगड चिकटवलेला, खाली नंबर. या बारांत सात पोकळ, म्हणजे वारा, सावली, एक ती हरवलेली गाय. राहिले पाच. ते पाच काय आहेत हे गेमच्या आधी अम्पायर एक फासा टाकून ठरवतो. एक-दोन पडले तर पाचही भुतं. तीन-चार पडले तर पाचही खरे स्काउट, मागे मोठी टोळी येणारे. पाच-सहा पडले तर तीन भुतं आणि दोन खरी माणसं, आणि हा सगळ्यात वाईट प्रकार. ठरलं की कागदावर लिहायचं, लिफाफ्यात घालून चिकटवायचं आणि टेबलावर सगळ्यांच्या समोर ठेवायचं. लिफाफा समोर दिसला पाहिजे. अम्पायर आपल्याला हवं तसं बदलत नाहीये याची खात्री पटली की लोक खरंच विचार करायला लागतात, नाहीतर "तुला वाटेल तेव्हा तू भूत आणणार" म्हणून हात वर करतात.

रात्र आहे, म्हणून दिसण्याची हद्द उघड्यावर बारा इंच, रानात चार, मक्यात दोन. ब्लाइंड सहा इंचात आला की खेळाडू बघण्याचा फासा टाकतो, पण तुम्ही लगेच फिगर ठेवायची नाही. पायऱ्या आहेत. पहिल्यांदा यश मिळालं तर फक्त सांगायचं की काहीतरी हललं. दुसऱ्यांदा, माणूस आहे. तिसऱ्यांदा, माणूस आहे, बंदूक आहे, टोपी दिसतेय. तेव्हा कुठे फिगर. त्या मधल्या दोन टर्नमध्ये टेबलावर जे बोलणं चालतं ना, "अरे आपलाच कुणी असेल", "नाही रे घाल गोळी", त्यासाठी सगळा खटाटोप.

आता बंदूक. त्या काळापर्यंत तिकडच्या लोकांकडे बहुतेक चकमकीच्या ठासणीच्या बंदुका, बंदुकीच्या कानातल्या रंजकीला (पेटवायच्या दारूला) ओल लागली, चकमक झिजली की बार फसतो, हे नेहमीचंच. त्यामुळे नियम सगळ्यांना उघड सांगायचा की फायर करताना आधी बंदूक चालते का याचा फासा अम्पायर पडद्याआड टाकतो. साधं टार्गेट असेल तर १ पडला की फसली. भूत असेल तर १ ते ५ ला फसली, आणि ६ ला बार उडतो, समोरचा पडतो, पुढच्या काळोखाच्या पत्त्याला उठून चालायला लागतो. खेळाडूला फक्त निकाल कळतो. पहिल्यांदा फसली तर तो हसतो, दुसऱ्यांदा कपाळावर आठी, तिसऱ्यांदा सगळे त्याच्याकडे बघायला लागतात. दारूही मोजून द्या, घरटी आठ बार, आठ काचेच्या गोट्या समोर ठेवा, उडाला की एक काढून घ्या. फसलेल्या बाराला गोटी जात नाही, पण टर्न गेला.

ओळखायला खुणा ठेवायच्या, लपवून पण न्याय्य. भूत प्रत्येक पत्त्याला बरोब्बर चार इंच चालतं, कधी कमी नाही कधी जास्त नाही, रान असो दलदल असो. खरा माणूस दोन फाशांवर चालतो आणि आडोसा धरून थांबतो. खरा माणूस दलदलीतून गेला तर मागे मातीत माग राहतो, तिथे एक छोटा टोकन ठेवा, जाऊन बघितलं तरच सांगा. खरा स्काउट एकटा असताना फायर करत नाही. हे कुणाला आधी सांगायचं नाही. हुशार खेळाडू पाचव्या-सहाव्या टर्नला टेप काढून मागची चाल मोजतो आणि त्याचा चेहरा बदलतो. बघा, ज्याचं मोजमाप आपण काढून घेतलं त्यालाच मोजून उत्तर सापडतं, आणि सापडलेलं उत्तर आवडत नाही.

भीतीसाठी मी धसका नावाची भानगड ठेवलीय. प्रत्येक घरासमोर एक वाटी, त्यात काळे मणी. बंदूक फसली की एक मणी, ब्लाइंड तीन इंचात आला की एक, आपला माणूस रात्री नजरेआड झाला की एक, पडलेला उठला की दोन. आपला पत्ता आला की कर्त्याच्या नावाने एक फासा, वाटीतल्या मण्यांएवढा किंवा कमी पडला की धसक्याचा पत्ता उचलायचा. त्यात काय काय आहे, तर घरातला एक जण विचारल्याशिवाय जवळच्या ब्लाइंडवर गोळी घालतो. बाई म्हणते की आत्ता खिडकीत कुणी होतं, आणि अम्पायर तिथे नवा पोकळ ब्लाइंड ठेवतो. गॅरिसनचं दार लावून घेतात आणि बाहेर राहिलेल्या शेजाऱ्याला उघडत नाहीत. आणि एक चकवा, म्हणजे रानातली फिगर पुढच्या टर्नला अम्पायर उचलून दुसऱ्या कडेला ठेवतो, आपल्याकडे कोकणात सांगतात तसं, रात्रभर त्याच झाडाभोवती फिरायचं. मणी कमी करायचे तर मेढेकोटात यायचं किंवा पाद्र्याच्या सहा इंचात थांबायचं. पण पाद्री एकच. तो कुठल्या घराशी थांबणार यावर माणसं खरोखर भांडतात.

प्रत्येक खेळाडूला एक खाजगी चिठ्ठीही द्या. एकाचा भाऊ यॉर्कच्या हल्ल्यात मेला. एकाचं शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण आहे. एकाच्या घरी मेनहून आलेली मोलकरीण आहे आणि ती झोपेत बोलते. बस, एवढंच, काय करायचं ते सांगायचं नाही. चेटकिणीचा आरोप वगैरे नियमात आणू नका असं माझं मत, तिकडे एकोणीस माणसं फासावर गेली आणि एक म्हातारा दगडांखाली दाबून मारला, त्याचा टेबलावर फासा टाकून विनोद होतो आणि मग हॉरर जाऊन टिंगल सुरू होते. चिठ्ठीतून आपोआप संशय आला तर येऊ दे.

शेवट आठव्या-नवव्या टर्नच्या आसपास. इप्सविचची मदत येते. सहा फिगर्स पुरेत, पण त्या ब्लाइंड म्हणूनच येतात, रानाच्या बाजूने, तीन ब्लाइंड एकदम, आणि आतापर्यंत तीन ब्लाइंड एकत्र कधी आलेले नसतात. अम्पायर एवढंच म्हणतो की लांबून इंग्रजीत कुणीतरी हाक मारतंय. आता पहिल्या रात्री बॅबसनला ऐकू आलेलं बोलणंही त्याला समजेल असंच होतं, हे तुम्ही सुरुवातीला सांगितलेलं असतं. मग वाटीत सातआठ मणी असलेला माणूस जंगीतून बंदूक काढून बसलेला असतो आणि बघायचं तो काय करतो. हा भाग माझा, इतिहासात ॲपलटनच्या माणसांवर गावकऱ्यांनी गोळ्या घातल्या असं काही नाही, पण इतका वेळ जे तापवलं त्याला कुठेतरी तोंड फुटायला पाहिजे. लिफाफ्यात खरे स्काउट निघणार असतील तर त्याच टर्नला दुसऱ्या बाजूने खरी टोळीही आणा, बारा फिगर्स, आणि ती मेढेकोटावर आपटून मरणार नाही, गुरं, धान्य आणि बाहेर राहिलेली माणसं घेऊन निघून जाईल.

हारजीत मेलेल्या शत्रूंवर ठेवूच नका. घरातली किती माणसं शाबूत, शेत राहिलं का, दारू किती उरली. आपल्याच माणसावर गोळी घातली असेल तर ते घर हरलं, बाकी काहीही असो.

वातावरणाचं थोडक्यात, कारण यावर लोक गरजेपेक्षा जास्त खर्च करतात. खोलीतला मोठा दिवा बंद, टेबलावर एक पिवळा लॅम्प, गॅरिसन घरात बॅटरीवरची छोटी एलईडी पणती, फाशाचे आकडे दिसले पाहिजेत एवढा उजेड. किंचाळ्या, कवटी, लाल बल्ब नको. स्पीकरवर रातकिडे आणि विपरविल नावाचा रात्री ओरडणारा पक्षी हळू आवाजात लावून ठेवा, अर्ध्या तासाने लोक विसरतात. मग एखाद्या काळोखाच्या पत्त्याला, काहीही न बोलता, आवाज बंद करा. आपल्याकडे लाइट गेली तर तो बोनस.

अम्पायरने बोलायचं कमी. वर्णनं करत बसू नका, "थंडगार वारा सुटला" वगैरे, त्याने लोक मोबाईल काढतात. "काहीतरी हललं, मक्यात, तुझ्या डावीकडे," बस. आणि पोकळ ब्लाइंडसाठीही पडद्याआड फासे टाका, यादी बघितल्यासारखं करा, एखादी नोंद करा. सगळ्यांसाठी सारखाच वेळ घ्या.

ग्रुपमध्ये असं कुणी असेल की त्याला धडाधड लढाईच पाहिजे, तर त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी वेल्सची गढी करा, तेच घर, तीच फिगर्स, फक्त मेढेकोट मोठा आणि नदीत दोन छोट्या होड्या. आणि ज्याला याहून काळं काही पाहिजे त्याला कोचीको, म्हणजे आजचं न्यू हॅम्पशायरमधलं डोव्हर, जून १६८९. तिथल्या मेजर वॉल्ड्रनने १६७६ मध्ये खोट्या कवायतीच्या बहाण्याने बोलावून दोनेकशे इंडियन धरले होते, त्यातले बरेच गुलाम म्हणून विकले गेले. तेरा वर्षांनी एका संध्याकाळी काही इंडियन बायकांनी गॅरिसन घरांत रात्रीपुरता आसरा मागितला, तो मिळाला, आणि रात्री त्यांनी आतून दारं उघडली. वॉल्ड्रनच्या छातीवर सुऱ्याने एकेकाने रेघ ओढली, माझा हिशोब मिटला म्हणत. हा गेम करायचा तर खेळाडूंना वाबनाकींच्या बाजूने खेळवा आणि गढीतल्या माणसांचे नियम अम्पायरकडे ठेवा, पण तो अनुभवी ग्रुपसाठी, पहिल्या खेपेला नको.

लिफाफा गेम संपल्यावर उघडायचा का असं विचाराल, तर हो, उघडायचा. काही जण म्हणतात गूढ राहू दे, मला ते पटत नाही, अडीच-तीन तास डोकं चालवलेल्या माणसाला उत्तर मिळालं पाहिजे, कुठल्या टर्नला आपण बरोबर होतो ते तपासता आलं पाहिजे. फक्त आधी सगळ्यांकडून चिठ्ठीवर अंदाज लिहून घ्या. आणि वेळ कमी असेल तर रंगवायला आधी मका, मग गॅरिसन घर, मग गावकरी. फ्रेंच आणि स्काउट्स शेवटी, ते अर्धवट रंगले असले तरी चालेल, कदाचित कुणाला दिसणारच नाहीत.